वाजतं कसं?

प्रस्तावना

तबला घेऊन बुधवार पेठेतल्या दुकानात गेलं की कारागीर पहिलं विचारतो, "काळी एक की पांढरी चार?" तबला कोणत्या पट्टीत हवा, असा त्याचा प्रश्न असतो. पट्ट्या पेटीच्या आणि पेटी युरोपातून आलेली. आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर ठेवलं आणि १९७१ मध्ये थोडं दार किलकिलं केलं. तिला श्रुती लावता येत नाहीत, मींड काढता येत नाही, म्हणून तक्रार आजही चालूच असते. तरी तबल्याचा स्वर सांगायचा तर तिच्याच पट्टीत. तंबोरा जुळवायचा तोही "काळी दोनला". आपल्या वाद्यांची शुद्ध, अस्पर्श परंपरा वगैरे लिहायला बसलं की हा प्रश्न मला आठवतो आणि पेन थांबतं.

पट्टी सांगितली की तो कामाला लागतो. जुनी पुडी, म्हणजे तोंडावर मढवलेलं चामडं, उतरवलेली असते. नव्या पुडीवर मधोमध आधी खळीचा पातळ हात फिरतो. मग शाईचा काळा गोळा: लोखंडाचा बारीक कीस, काजळी आणि खळ. तो अंगठ्याने थोडासाच पसरतो आणि गुळगुळीत गोट्याने घासायला घेतो. खर्र, खर्र, खर्र. वाळला की दुसरा थर, आधीच्यापेक्षा जरा लहान वर्तुळात. पुन्हा गोटा. मधेच बोट आपटून ऐकतो, मान हलवतो, पुन्हा घासतो. उंच पट्टीचा तबला असेल तर तोंड लहान आणि शाई पातळ. खाली यायचं असेल तर शाई वाढते. शेवटी शाईच्या अंगभर बारीक बारीक भेगा पडलेल्या दिसतात. नवख्याला वाटतं, बिघडलं. खरं तर त्या भेगांमुळेच शाई चामड्यासोबत लवते. एकसंध कडक थर असता तर चामडं अडून बसलं असतं.

हे मला फार उशिरा कळलं. शाळेत असताना शाई चिकट झाली म्हणून मी ती ओल्या फडक्याने मनापासून पुसली होती. दोन दिवसांत खपली निघाली आणि तबला पत्र्याच्या डब्यासारखा बोलू लागला. गुरुजींनी एवढंच विचारलं, "पुसलास का रे?" पण पुसलं तर काय होतं आणि का होतं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. या पुस्तकाचं मूळ तिथे आहे म्हटलं तर चालेल.

गोल ताणलेल्या कातड्यावर थाप मारली की ते एका स्वरात वाजत नाही. ते एकाच वेळी अनेक प्रकारांनी हलतं आणि त्या हालचालींच्या कंपनसंख्यांचं एकमेकींशी जमत नाही: मूळ कंपन १ धरलं तर पुढची १.५९, २.१४, २.३० अशी वेडीवाकडी येतात. म्हणून साध्या ढोलाला ठेका असतो, पण त्यातून नेमका षड्ज ऐकू येत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्याबरोबर लिहिलेल्या छोट्याशा टिपणात आणि पुढे १९३०च्या दशकातल्या सविस्तर लेखात दाखवलं की तबला-मृदंगावरची शाई याच वेड्यावाकड्यांना रांगेत आणते. मधोमध वजन आल्याने त्या हालचाली जवळपास १, २, ३, ४, ५ या प्रमाणात येऊन बसतात. बारीक वाळू पसरून त्यांनी कातडं कुठे हलतं आणि कुठे स्थिर राहतं, हे डोळ्यांना दाखवलं. तारेकडून मिळावी तशी उपस्वरांची शिडी कातड्याकडून मिळाली. कारागिराच्या गोट्याने हे किती शतकं आधी साधलं होतं, ते वेगळं.

तारेची गोष्ट याच्या उलट आहे. तार आपणहूनच शिडी देते. अडचण अशी की साध्या तारेची वरची पायरी पटकन विरते. आपल्या तंबोऱ्याची घोडी सपाटसुद्धा नाही आणि धारदारसुद्धा नाही. तिचा माथा किंचित गोलसर, उतरता घासलेला असतो. तार हलताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते, सुटते, टेकते. हीच जवारी. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती नेमक्या जागी "उघडायची". रामन यांनी १९२१ साली हेही तपासलं. तार बरोबर मधे छेडली तर नियमाप्रमाणे दुसरा, चौथा असे सम उपस्वर उमटायलाच नकोत. तंबोऱ्यात ते स्वच्छ ऐकू येतात, कारण घोडी ते पुन्हा पुन्हा उठवत राहते. गवय्यांना ही गोष्ट गणिताशिवायही ठाऊक होती. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून पाचवा उपस्वर म्हणून गंधार आपणहून उभा राहतो, त्याला ते "स्वयंभू गंधार" म्हणतात. कोणी वाजवला नाही, तरी ऐकू येतो.

माझं म्हणणं एवढंच, आणि पुस्तकभर तेच वेगवेगळ्या वाटांनी येतं: आपली वाद्यं वेगळी ठरली ती आकारामुळे किंवा सजावटीमुळे फारशी नव्हे. जिथे कंप सुरू होतो, तिथे कारागिराने केलेल्या बोटभर कामामुळे ती वेगळी ठरली. तबल्यावर शाई, तंबोऱ्यावर जवारी, पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्याआधी लावायची ओली कणीक. पण आपण वाद्यांविषयी लिहिताना नेमकी हीच बोटभर जागा सोडून देतो.

जुन्या शास्त्रकारांनी सोडली नव्हती. नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वाद्यांचे चार वर्ग येतात: तत म्हणजे तारेची, अवनद्ध म्हणजे कातड्याने मढवलेली, घन म्हणजे अंगानेच वाजणारी आणि सुषिर म्हणजे पोकळ, हवेने वाजणारी. कोणतं वाद्य कोण वाजवतं, ते देवळात की दरबारात, याला इथे महत्त्व नाही. काय हलतं ते बघायचं. ढोलांच्या प्रकरणात स्वाती ऋषींची कथा आहे. तळ्यातल्या लहानमोठ्या कमळपानांवर पावसाचे थेंब पडताना त्यांना निरनिराळे स्वर ऐकू आले आणि त्यांनी पुष्कर वाद्यं घडवली. कथा बाजूला ठेवली तरी त्याच प्रकरणात पुष्करांच्या तोंडांवर माती लेपून स्वर लावण्याचं वर्णन आहे. शाईची पणजी म्हणायला हरकत नाही.

पुण्याहून लोणावळ्याच्या वाटेवर भाज्याच्या लेण्यात गेलात तर विहाराच्या ओसरीतल्या कोरीवकामात एक स्त्री दोन मढवलेल्या वाद्यांवर हात ठेवून बसलेली दिसते आणि शेजारी दुसरी नाचते. लेणं इसवीसनापूर्वीचं. "बघा, दोन हजार वर्षांपूर्वी तबला!" असं म्हणणारे बरेच भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण दोन तोंडांवर दोन हात एवढ्यावरून तबला होत नाही. शाई आहे का, ते दगडात दिसत नाही. वीणेच्या बाबतीत तर शब्दच आपल्याला फसवतो. गुप्तसम्राट समुद्रगुप्ताच्या नाण्यावर तो जी वीणा वाजवताना दिसतो, ती धनुष्याकृती आहे, प्रत्येक स्वराला वेगळी तार असलेली. दांडीवर बोट दाबून स्वर काढायची आजची वीणा वेगळ्या कुळातली. पुढे धनुष्याकृती वीणा नाहीशी झाली, आणि नाव मात्र दांडीच्या वीणेकडे राहिलं. गणेश हरी तारळेकर आणि नलिनी तारळेकर यांनी १९७२ साली पुण्यातून प्रसिद्ध केलेल्या शिल्पांतील वाद्यांवरच्या इंग्रजी ग्रंथाचं महत्त्व इथे आहे: ग्रंथातला शब्द आणि दगडातली वस्तू समोरासमोर ठेवण्याची सवय त्याने लावली.

तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी, शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. त्याचा सहावा अध्याय वाद्यांचा. शार्ङ्गदेवाचा पेशा राजाच्या हिशेबखात्यातला, आणि ते वाचताना जाणवतं: प्रत्येक वाद्याची लांबी, घेर, भोकांमधलं अंतर तो अंगुळांत मोजून देतो. शिवाय तो वाद्यवादन कशासाठी होतं तेही बघतो. नुसतं वादन असेल तर शुष्क, गाण्यामागे असेल तर गीतानुग, नृत्यामागे असेल तर नृत्तानुग, दोन्हींच्या सोबतीला असेल तर गीतनृत्तानुग. ध्वनी कसा निघतो आणि तो कोणासाठी निघतो, हे दोन्ही प्रश्न त्याने एकत्र ठेवले. नंतरच्या अभ्यासात ते सुटे झाले.

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संग्रह पाठवला. तो ब्रुसेल्सच्या संगीतविद्यालयाच्या संग्रहालयात गेला आणि तिथले व्हिक्टर माहियों यांनी १८८० पासून छापलेल्या आपल्या सूचीत वाद्यांची विभागणी चार वर्गांत केली. १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि साक्स यांनी तीच चौकट पुढे नेऊन आकड्यांची पद्धत बनवली. जगभरातली संग्रहालयं आजही तिच्यावर चालतात. भरतमुनींच्या चार खणांचा या मांडणीवर प्रभाव होता, असं अनेक अभ्यासक मानतात. चारच खण आणि तेही त्याच निकषावर बेतलेले बघितले की ते पटतं. तरी "आपणच जगाला शिकवलं" म्हणून फेटा उडवण्याची माझी तयारी नाही, कारण आपल्या मराठी वाद्यांनी ते चार खण केव्हाच फोडले आहेत.

तुणतुणं घ्या. लाकडी नळकांडं, तळाला कातडं. कातड्याच्या मधून निघालेली तार वर खुंटीला बांधलेली. काडीने तार छेडली की कातडं हलतं. हे तत की अवनद्ध? यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं तर आणखी खट्याळ. काखेत धरायचं, एका हाताने तार कमीजास्त ताणायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची. ताण बदलला की स्वर वर-खाली घसरतो, जणू बोलतोच. काही पाश्चात्त्य पुस्तकांनी याला "छेडण्याचा ढोल" म्हणून कातड्यांच्या रांगेत बसवलं. नंतरच्यांनी तारेच्या रांगेत हलवलं. जोगतिणीला त्याचं काही घेणं नाही. मला मात्र अशी वाद्यं फार उपयोगी वाटतात, कारण काय हलतं आणि कोण कोणाला हलवतं, हे त्यांच्याकडून नेमकं शिकता येतं. म्हणून पुस्तकाची सुरुवात मुद्दाम तुणतुण्याने केली आहे, सतारीने नाही.

लोकवाद्यांकडे गंभीरपणे बघायला आपल्याला उशीर झाला. बी. चैतन्य देव यांनी भारतीय वाद्यांचा नकाशा देशभर फिरून आखला, आणि आपल्याकडे अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या विचारात लोकसंगीताला मानाची जागा दिली. गोंधळ्याच्या कमरेचं जोडसंबळ, शाहिराचा डफ, हलगी तापवायला पेटवलेला कागदपाल्याचा जाळ, सोलापूरकडची नाजूक सुंदरी, वारल्यांचा तारपा: यांतल्या प्रत्येकाला स्वतःचं भौतिकशास्त्र आहे. हलगी तापवतात कारण उष्णतेने ओल जाते आणि कातडं ताणलं जातं. तबलजी हातोडीने गट्ठे ठोकून साधतो तेच. तमाशातल्या ढोलकीच्या तोंडावरही शाई असते, म्हणून ढोलकीपटू लावणीत स्वरासकट बोलू शकतो. तारप्यात वाळलेल्या भोपळ्याच्या पोटात हवा साठते आणि वाजवणारा गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, आवाज न तोडता रात्रभर नाच चालू ठेवतो. सनईवाल्याचंही तेच कसब. लहानपणी लग्नात पहाटे सनई-चौघडा ऐकू आला की मला नेहमी प्रश्न पडायचा, हे लोक श्वास घेतात कधी?

पुण्याचं या विषयाशी नातं जरा विचित्र आहे. वाद्यांपेक्षा इथे त्यांवरच्या वादांची गर्दी अधिक. १९१० साली कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक छापलं. देवल पेशाने सरकारी अधिकारी. ई. क्लेमेंट्स हे न्यायाधीश त्यांच्या बाजूने उतरले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी त्यांना गाऊन दाखवलं आणि मग श्रुतींच्या पेट्या तयार झाल्या. खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. श्रुतींचा वाद मिटला नाही, पण या मंडळींनी गळा आणि लाकूड यांना एका टेबलावर आणून मोजायचा प्रयत्न केला, हे मला फार मोलाचं वाटतं. आज तितकी हिंमत कमी दिसते.

आणि मग शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. कवी अज्ञातवासी, म्हणजे दिनकर केळकर, यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने आयुष्यभर वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली सगळं शासनाच्या स्वाधीन केलं. वाद्यांच्या दालनात मी कित्येक दुपारी घालवल्या आहेत. तिथे वाद्यं फार देखणी आहेत आणि पूर्ण गप्प. दांडीवरचं हस्तिदंती काम, मोराच्या माना, रंग, सगळं दिसतं. काचेआडून जवारी मात्र दिसत नाही, आणि पुडीवरच्या शाईची हालत विचारायची नसते. हा दोष संग्रहालयाचा नव्हे. वाद्य जपायचं आणि वाजतं ठेवायचं, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधातच जातात.

वाजतं ठेवण्याचं काम मिरजेला चालतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे सतारमेकर मंडळींनी तंतुवाद्यांचा व्यवसाय उभा केला. फरीदसाहेब सतारमेकरांपासून ती परंपरा मोजतात. भोपळे सोलापूर-पंढरपूरच्या बाजूने येतात. ते खायच्या कामाचे नसतात. जाड सालीचे, मोठ्या घेराचे, वाळवून पोखरलेले. तूणीचं लाकूड, वर तबली, मग दांडी, खुंट्या, आणि सगळ्यात शेवटी, ज्याच्यासाठी लोक मुंबई-पुण्याहून गाडी पकडतात, ती जवारी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला संरक्षण मिळालं, चांगलं झालं. कानसीवर हात बसायला मात्र वर्षं लागतात, आणि त्या वर्षांचा मोबदला कोण देणार, हे मानांकन सांगत नाही.

हे पुस्तक आत्ताच का, असं कोणी विचारलं तर मी मोबाइल दाखवतो. त्यात तंबोरा आहे, चोवीस तास सुरात. तो उपयोगी आहे, मीही रियाजाला लावतो. पण तो हवामानाने उतरत नाही, जवारी बसत नाही, खुंटी सरकत नाही, आणि म्हणून कान काही शोधत नाही. पूर्वी शिष्य तंबोरा जुळवता जुळवता अर्धं ऐकणं शिकायचा. तिकडे गणपतीच्या दिवसांत शहरभर ढोल-ताशा पथकं. एकेका पथकात शंभर-दीडशे ढोल, त्यांवर बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची पानं. पावसात भिजत नाहीत, उतरत नाहीत, रोज ताणावी लागत नाहीत. पण कातड्याचा खोल हुंकार त्यांत सापडत नाही, आणि टिपरूच्या आणि हाताच्या थापेतला फरक बोथट होतो. पथकातली मुलं-मुली नाद कसा उठतो हे विचारतात, आणि उत्साहाने विचारतात. त्यांच्या हातात द्यायला मराठीत सोपं, पण पोरकट नसलेलं पुस्तक मला सापडलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

यात काय नाही, तेही सांगून टाकतो. वाजवायला कसं शिकायचं, हे नाही. घराणी, बंदिशी, कलाकारांची चरित्रं नाहीत. उस्ताद अहमदजान थिरकवांचा बालगंधर्वांच्या नाटक मंडळीतला काळ ओघात येतो, तो तबल्याचा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचायचा या प्रश्नासाठी. घनवाद्यांचा भाग लहान आहे. टाळ, झांज, चिपळ्या, लेझीम यांना मी न्याय दिलेला नाही. टाळाचं कासं ओतताना काय होतं, हे जवळून बघायला हवं होतं, तेवढं जमलं नाही. पेटीवर मात्र वेगळं प्रकरण लिहिलं आहे, आणि ते काही जणांना रुचणार नाही. आत आलेल्या वाद्याला आपण कसं घरचं करतो, हे पेटीएवढं दुसऱ्या कशाने दिसत नाही.

शब्दांबाबत एक सांगायला हवं. भागांची नावं मी कारागिरांकडून ऐकली तशीच ठेवली आहेत: पुडी, चाट, लव, गजरा, वादी, गट्ठा, घोडी, मेरू, तबली, मणी. एकाच भागाला दोन गावांत दोन नावं असतील तर दोन्ही दिली आहेत. शास्त्राचे शब्द जिथे अडतील तिथेच वापरले.

शेवटी उशिराची कबुली. तंबोऱ्याच्या प्रकरणासाठी एकाच वाद्यावर जवारी बंद, अर्धी उघडी आणि पूर्ण उघडी असताना आवाज टिपायचे होते. भाद्रपदात ठरवलं. खोली मुठेच्या काठापासून लांब नाही. खाली पथकाचा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा खर्ज धरायच्या. काम दिवाळीवर ढकललं. तोवर हवा कोरडी झाली, लाकूड आणि भोपळा थोडे आवळले आणि श्रावणात मोठ्या कष्टाने लावून ठेवलेली जवारी पुरती बसली. ती पुन्हा घासून घेतली. पुस्तकातल्या नोंदी त्या दुसऱ्या जवारीच्या आहेत, पट्टी काळी दोन.